आत चालता येणारी व्हीआर इमारत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, आभासी जग. त्याचा हेडसेट डोक्यावर चढवून अजून न बांधलेल्या इमारतीत फेरफटका मारणं आता अप्रूपाचं राहिलेलं नाही. तरीही अशी जागा तयार करायला बसलं की त्याच त्या शंका पुन्हा समोर येतात. आर्किटेक्ट विचारतात, इंटिरिअरवाले विचारतात, शिकणारी मुलं विचारतात आणि ‘आमच्या प्रकल्पाला याचा काही उपयोग आहे का?’ असं म्हणणारेही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गोम तिथेच आहे.

‘चालता येणारी’ म्हणजे नक्की काय? ३६० अंशांच्या फोटोतही चहूबाजूंनी बघता येतंच की.

बघता येतं, पण जागचं हलता येत नाही. फोटोत मान वळवली की दृश्य वळतं, इतकंच. एक पाऊल पुढे टाका किंवा खाली वाका, अख्खी खोली तुमच्याबरोबर सरकते, कारण कॅमेरा जिथे ठेवला होता तिथेच तुमचे डोळे खिळलेले असतात. चालता येणाऱ्या जागेत हेडसेट डोक्याचं वळणंही टिपतो आणि पुढे-मागे, वर-खाली सरकणंही. त्यामुळे खांबाआडून डोकावता येतं, टेबलाखाली वाकून बघता येतं. आपण हललो की जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात, आणि अंतराचा अंदाज मेंदू बराचसा त्यावरूनच बांधतो. ते सरकणं नसेल तर खोली लहान की मोठी हे कळतच नाही.

मग इमारतीत फिरवून आणणारा वॉकथ्रूचा व्हिडिओ का पुरत नाही?

व्हिडिओत वाट दुसऱ्याने ठरवलेली असते आणि तो अडचणीच्या कोपऱ्यात शक्यतो जात नाही. शिवाय असे व्हिडिओ रुंद लेन्सने काढतात. त्यात दहा पावलांची खोली हॉलसारखी दिसते. विक्रीच्या पत्रकाला ते चालून जाईल, निर्णयाला चालत नाही.

ही कल्पना तशी नवीनच ना?

मुळीच नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा पडदा करून दाखवला. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागे आणि त्यात दिसत त्या नुसत्या रेघांच्या आकृत्या. इमारतींच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं काम १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झालं. फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने आपल्याच विभागासाठी होऊ घातलेल्या सिटरसन हॉल या इमारतीचं मॉडेल संगणकावर उभं केलं आणि बांधकामाआधी त्यात फिरून पाहिलं. लॉबीतल्या एका आडभिंतीमुळे तिथे कोंडल्यासारखं वाटतं, हे आत फिरल्यावर जाणवलं आणि ती भिंत सरकवली गेली. चालल्यासारखं फिरता यावं म्हणून या गटाने हँडल लावलेलं ट्रेडमिलही पुढे जोडलं होतं.

१९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेने ‘केव्ह’ दाखवली. ही एक खोलीच होती, जिच्या भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्र पाडलेलं असे. २०१६ मध्ये एचटीसी व्हाइव्हमुळे खोलीभर चालणं सामान्य ग्राहकाच्या हाती आलं आणि २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्टने वायरही घालवली आणि खोलीत बसवायचे सेन्सरही.

सुरुवात कुठून करायची?

प्रश्नापासून. सॉफ्टवेअर आणि हेडसेट यांचा नंबर नंतर लागतो.

‘इमारत कशी दिसेल ते बघायचंय’ हा प्रश्नच नव्हे. त्याला उत्तर नसतं, त्यामुळे कामही कधी संपत नाही. टाइलचा रंग बदलत महिने जातात. ‘दारातून आत आलेल्या माणसाला रिसेप्शन न विचारता सापडतं का?’, ‘या पॅसेजमधून स्ट्रेचर नेताना वळणावर अडेल का?’, ‘खिडकीशी बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसतं की नुसती खिडकीखालची भिंत?’ हे खरे प्रश्न. त्यातला एक घेतला की काय बनवायचं आणि काय सोडून द्यायचं हे आपोआप ठरतं. स्ट्रेचरच्या प्रश्नाला भिंती, दारं, वळणं आणि मापात बरोबर असलेलं स्ट्रेचर पुरतं. भिंतीचा पोत, छताचे दिवे, कुंडीतलं झाड यातलं काहीही लागत नाही.

माझा आग्रह असा की पहिली फेरी बिनरंगी मॉडेलमध्येच करावी. सगळं करड्या-पांढऱ्या रंगात, सावल्या तेवढ्या खऱ्या. रंग आणि लाकूड दिसायला लागलं की माणसं त्याच्यावरच बोलतात आणि जिना चुकीच्या जागी आहे हे बाजूला राहतं. सजावट दुसऱ्या फेरीला आणावी, जागेची मांडणी पक्की झाल्यावर.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ज्यात मॉडेल आधीच तयार आहे ते. आर्किटेक्ट वापरतात त्या रेव्हिट, आर्किकॅड, स्केचअप यांपैकी काहीही असलं तरी एन्स्केप किंवा ट्विनमोशनसारख्या साधनांनी तेच मॉडेल फारशा खटपटीशिवाय हेडसेटमध्ये दिसतं. डिझाइन दर आठवड्याला बदलत असेल तर हाच मार्ग धरावा. दारं उघडायची, दिवे लावायचे, लोक कुठून गेले याची नोंद ठेवायची असं काही हवं असेल तर युनिटी किंवा अनरिअल हे गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर लागतं. हात घट्ट असेल तर मॉडेल करायला ब्लेंडर आणि गेम इंजिन म्हणून गोडो ही दोन्ही फुकट आहेत. ब्राउझरमधूनच दाखवायचं असेल तर वेबएक्सआर आहे, मात्र मॉडेल हलकं ठेवावं लागतं. हेडसेट कोणत्या कंपनीचा यावर सगळं अडकू नये म्हणून २०१९ मध्ये क्रोनोस या गटाने ओपनएक्सआर हे सामाईक मानक आणलं. नवीन काम त्यावरच उभारावं.

आर्किटेक्टचं मॉडेल थेट गेम इंजिनमध्ये टाकलं तर ते रडत-खडत का चालतं?

कारण ते बांधण्यासाठी केलेलं असतं, बघण्यासाठी नाही. स्लॅबमधल्या सळ्या, छताआडचे पाइप, बिजागरीचे स्क्रू असं सगळं त्यात असतं. संगणक प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांनी रचतो आणि त्रिकोण वाढले की भार वाढतो. उत्पादकाच्या साइटवरून उचललेला एखादा नळ एकटाच अख्ख्या मजल्याच्या भिंतींपेक्षा जास्त त्रिकोण खातो आणि अशा नळांच्या पन्नास प्रती मॉडेलभर पसरलेल्या असतात. त्यामुळे पहिलं काम छाटणीचं. जे दिसणारच नाही ते काढायचं, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तूंच्या हलक्या आवृत्त्या करायच्या आणि एकाच मटेरिअलच्या वस्तू शक्य तिथे एकत्र बांधायच्या.

मग एककांचा गोंधळ. युनिटीत १ म्हणजे १ मीटर, अनरिअलमध्ये १ म्हणजे १ सेंटिमीटर. आयात करताना एक खूण चुकली की इमारत शंभर पट मोठी तरी होते नाहीतर काड्यापेटीएवढी तरी. शंभर पटीची चूक लगेच दिसते म्हणून ती परवडली. इंच आणि सेंटिमीटरच्या घोळात अडीच पट झालेला एखादाच दरवाजाही दिसतो. पण कुणीतरी नजरेच्या अंदाजाने मोठी केलेली एखादी खुर्ची तशीच राहून जाते आणि खोली विनाकारण लहान वाटत राहते.

आणखी एक व्याधी अशी आहे की कारण माहीत नसेल तर ती दिवसेंदिवस छळते. हेडसेटमध्ये भिंती थरथरतात, वस्तूंच्या कडा बारीक नाचतात. बऱ्याचदा मॉडेल सर्वेच्या खऱ्या निर्देशांकांवर ठेवलेलं असतं, म्हणजे मूळ बिंदूपासून शेकडो-हजारो किलोमीटर दूर. गेम इंजिन जागा मोजायला साधारणपणे ३२ बिटांचा आकडा वापरतं आणि मूळ बिंदूपासून १,००० किलोमीटरवर त्या आकड्याची अचूकता जवळजवळ ६ सेंटिमीटरवर येते. सहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी उड्या मारणारी भिंत थरथरणार नाही तर काय होईल? इमारतीचा एक कोपरा शून्यावर आणून ठेवला की आजार बरा होतो.

एकाच जागी दोन पृष्ठभाग आले, उदाहरणार्थ स्लॅबचा वरचा भाग आणि त्याच पातळीवर ठेवलेली फरशी, तर तिथे चट्ट्यापट्ट्या लुकलुकतात. त्यातला एक काढून टाकायचा.

सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं लागतात?

७२ हा खालचा काठ समजा, ९० असतील तर उत्तम. ९० चा हिशेब केला तर एका फ्रेमला ११ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढायची असतात. डोकं वळल्यापासून दृश्य बदलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा या क्षेत्रात मानलेला दंडक आहे. स्क्रीनवर अडखळलेला व्हिडिओ आपण खपवून घेतो, हेडसेटमध्ये तेच अडखळणं पोटात ढवळतं.

म्हणून उजेड आधीच ‘बेक’ करून ठेवावा. सूर्य, दिवे आणि भिंतींवरून परतणारा प्रकाश यांचा हिशेब एकदाच करून तो पृष्ठभागांवर चित्रासारखा साठवला की चालताना तो भार राहत नाही. काचेच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. एकामागे एक पाच पारदर्शक पार्टिशन आली तर प्रत्येक ठिपका पाच वेळा रंगवावा लागतो. आरसा म्हणजे खोली पुन्हा एकदा काढणं, त्यामुळे तो अगदीच गरजेचा असेल तरच ठेवा. बारीक जाळ्या आणि गजांचे कठडे दुरून चमचमतात. त्यांना दुरून दिसणारी साधी आवृत्ती द्यावी.

सपाट स्क्रीनवर खपणारी एक हातचलाखीही इथे उघडी पडते. विटांच्या भिंतीवर नुसता उठावाचा भास देणारा पोत लावला तर दोन डोळ्यांनी जवळून बघताना ती भिंत सपाट कागदासारखी दिसते. हाताच्या अंतरावर येणाऱ्या भिंतीला खरा उठाव द्यावा, लांबच्या भिंतीला भास पुरतो.

दिसतंय ते माप खरं आहे हे कसं ओळखायचं?

आधी जमिनीची पातळी. हातात धरायचा कंट्रोलर प्रत्यक्ष फरशीवर टेकवा. मॉडेलमध्येही तो फरशीवरच टेकलेला दिसायला हवा. पाच सेंटिमीटरचा फरक राहिला तरी सगळे कठडे आणि टेबलं बुटकी किंवा उंच वाटतात. मग डोळ्यांमधलं अंतर. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बराच फरक पडतो. हेडसेट दुसऱ्याच्या हाती देताना ते जुळवून द्यावं. त्यानंतर एक खरं टेबल मोजा, त्याच मापाचं टेबल मॉडेलमध्ये त्याच जागी ठेवा आणि हेडसेट घालून त्याला हात लावा. डोळ्याला कड जिथे दिसते तिथेच हाताला लागली की जमलं.

एवढं सगळं करूनही हेडसेटमध्ये लांबची अंतरं प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी भासतात. अनेक प्रयोगांमधून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नव्या हेडसेटमध्ये हा दोष कमी झाला असला तरी गेलेला नाही. म्हणून ‘हॉल जरा लहान वाटतो’ असं कुणी म्हणालं की लगेच भिंत सरकवायला धावू नका. त्याच माणसाला ओळखीच्या एखाद्या खोलीचं मॉडेल दाखवा आणि मग पुन्हा विचारा. तुलना विश्वासार्ह असते, एकट्या आकड्याचं तसं नाही.

माझ्याकडे जागा लहान आणि इमारत मोठी. चालायचं कसं?

हाच या विषयाचा गाभा, आणि याला एकच एक उत्तर नाही.

स्वतःच्या पायांनी चालण्याला तोड नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या तुलनेत प्रत्यक्ष चालणं, जागच्या जागी पावलं टाकणं आणि बटण दाबून तरंगत जाणं हे तिन्ही पारखले गेले. आपण तिथे खरोखर आहोत ही जाणीव तरंगण्यात सर्वात कमी आढळली. चालणं सर्वात सहज वाटलं. त्यामुळे ज्या भागाबद्दल निर्णय घ्यायचा आहे तेवढा भाग तरी खऱ्या चालण्यात बसवावा. चार बाय चार मीटर मोकळी जागा मिळाली तरी एक बाथरूम, एक कामाची खोली किंवा जिन्यापुढचा चौक मावतो. बाकी इमारतीत टेलिपोर्टने जा आणि त्या खोलीत पोहोचल्यावर पायांनी चाला.

टेलिपोर्ट म्हणजे बोट दाखवलं तिथे उडी. पोटाला त्याचा त्रास नाही, पण त्यात अंतर हरवतं. लांबलचक पॅसेज दोन उड्यांत संपतो आणि तो कंटाळवाणा आहे हे कळत नाही. रस्ता सापडतो का, हे तपासायचं असेल तर टेलिपोर्ट बंद ठेवा किंवा उडीची लांबी दोन-तीन पावलांवर आणा.

एक युक्ती फार मजेशीर आहे. २००१ मध्ये शरीफ रझ्झाक आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘दिशा बदलून चालवण्या’च्या तंत्रात दृश्य नकळत किंचित फिरवत नेतात. माणूस आपण सरळ चाललोय असं समजतो आणि प्रत्यक्षात गोल फिरत असतो. पण यासाठी जागा मोठी लागते. २०१० च्या एका अभ्यासानुसार हे लक्षात येऊ नये यासाठी वर्तुळाची त्रिज्या किमान २२ मीटर असावी लागते. क्रीडांगण हाताशी असेल तर ठीक. याचाच चुलतभाऊ म्हणजे ‘अशक्य जागा’. पॅसेजच्या वळणानंतर दुसरी खोली मॉडेलमध्ये पहिल्या खोलीच्याच जागेवर थोडी चढलेली असते. बऱ्याच लोकांना ते कळत नाही. मनोरंजनाला हे झकास आहे. पण खऱ्या इमारतीचा आराखडा तपासताना या वाटेला जाऊ नये, कारण मग तपासायचं तेच खोटं होतं.

लिफ्ट मात्र निर्धास्त वापरा. माणूस खोक्यात शिरतो, दार मिटतं, बाहेरचा मजला बदलतो आणि तो त्याच खऱ्या जागेत पुन्हा चालू लागतो. यात कसलीही फसवणूक नाही, इमारतीत लिफ्ट असतेच.

सर्व दिशांना फिरणारी ट्रेडमिल मिळते, पण तिच्यावरची चाल घसरती असते आणि सरावाला वेळ लागतो. पाहुण्याला पाच मिनिटांसाठी त्यावर चढवण्यात अर्थ नाही.

चक्कर का येते आणि काय करावं?

डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागेवर उभे आहोत. या भांडणातून मळमळ होते. कंट्रोलरच्या दांडीने सरकत जाणं आणि त्यातही सलग वळणं, हे सर्वात वाईट. वळणं ३० किंवा ४५ अंशांच्या झटक्यांनी द्या, सरकताना नजरेच्या कडा काळ्या करा, वेग माणसाच्या चालीएवढा म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर ठेवा, आणि कॅमेरा माणसाच्या मानेवाचून कधीही हलवू नका. ज्याला त्रास व्हायला लागतो तो आधी गप्प होतो. तेव्हाच हेडसेट काढावा, ‘आणखी दोन मिनिटं’ म्हणू नये.

जिने?

दिसायला पायऱ्या ठेवा, पण चालण्यासाठी त्यावर न दिसणारा उतार घाला. नाहीतर प्रत्येक पायरीला नजर दचकते. पाय सपाट जमिनीवर आणि डोळे चढतायत, हा विरोध थोडा राहतोच. त्यामुळे पायरी दमवते का, हे व्हीआरमध्ये कळणार नाही. डोक्यावर तुळई येते का, जिन्याच्या वळणावर समोरून येणारा दिसतो का, हे चांगलं कळतं. तुळई खाली असेल तर माणूस आपसूक मान वाकवतो. असं वाकणं दिसलं की नोंद करून ठेवा.

भिंतीला हात लागत नाही. त्याचं काय?

मोक्याच्या एक-दोन जागी खरी वस्तू ठेवा. नॉर्थ कॅरोलायनातच एक प्रसिद्ध प्रयोग आहे. एका आभासी खोलीत मधोमध खोल खड्डा आहे आणि माणूस त्याच्या काठावर उभा राहतो. काठाच्या जागी जमिनीवर जेमतेम दीड इंच जाडीची खरी लाकडी पट्टी ठेवली तर तळपायाला कड जाणवते आणि हृदयाचे ठोके पट्टी नसतानापेक्षा जास्त वाढतात. म्हणजे फार काही लागत नाही. काउंटरच्या जागी एक टेबल आणि कठड्याच्या जागी एक आडवा दांडा पुरतो.

याची उलट बाजूही लक्षात असू द्या. मॉडेल पटलं की लोक टेबलावर टेकायला जातात. टेबल नसतं, आणि माणूस पडतो. जिथे खरं टेबल नाही तिथे कुणीतरी शेजारी उभं राहावं.

दारं उघडणारी हवीत का?

जी दारं एकमेकांवर, बेसिनवर किंवा चालत्या माणसावर आदळू शकतात तेवढी. बाकीची उघडी सोडून द्या.

आवाजाचं काय?

पावलांचा आवाज आणि खोलीच्या आकारानुसार बदलणारा घुमारा एवढं घातलं तरी जागा जिवंत होते. मोठ्या हॉलमधून छोट्या खोलीत शिरल्याचं कानाला आधी कळतं. पण गेम इंजिनमधला तयार घुमारा म्हणजे ध्वनितज्ज्ञाचा हिशेब नव्हे. सभागृहात शेवटच्या रांगेला ऐकू येईल का, हे त्यावरून ठरवू नये.

प्रत्यक्षात याचा उपयोग कुठे होतो?

जिथे चूक नंतर दुरुस्त करणं महाग पडतं तिथे. हॉस्पिटल हे त्यातलं ठळक उदाहरण. शस्त्रक्रियेच्या खोलीत दिवा, भूलयंत्र, मॉनिटरचा हात (म्हणजे तो धरणारा दांडा) आणि माणसं हे सगळं एकमेकांच्या वाटेत येतं. तिथे काम करणाऱ्या नर्सला हेडसेट घालून रोजची एक हालचाल करायला सांगा, म्हणजे ट्रे घे, वळ, डॉक्टरकडे दे. ती वळते आणि तिचा खांदा मॉनिटरच्या हातातून आरपार जातो. नकाशावर त्या दोन गोष्टींमध्ये मोकळी जागा होती, कारण नकाशात ती नर्स नव्हती. ही तक्रार आर्किटेक्टच्या टेबलावर कधी आली नसती.

दुसरा उपयोग देखभालीचा. प्लांट रूममध्ये, म्हणजे इमारतीच्या यंत्रांच्या खोलीत व्हॉल्व्ह आहे, पण तो फिरवायला कोपर हलवायला जागा आहे का? फिल्टर बाहेर ओढायला मागे भिंत तर नाही ना? मॉडेलमधल्या टकरी शोधणारं सॉफ्टवेअर पाइप पाइपाला लागतो का ते सांगतं, माणसाचा हात पोहोचतो का ते सांगत नाही.

आगीच्या वेळी माणसं कोणत्या दाराकडे वळतात, पाट्या वाचतात की ज्या दाराने आले त्याच दाराकडे धावतात, हे प्रत्यक्ष आग लावून बघता येत नाही. आभासी धुरात ते बघता येतं, आणि असा अभ्यास बराच होतो. उंचीवर काम करणाऱ्यांचं प्रशिक्षणही याच कारणाने इथे सोयीचं.

आणि एक उपयोग इमारतीशी संबंध नसल्यासारखा वाटतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ मध्ये उंचीच्या भीतीवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात १०० जण होते. त्यांतल्या निम्म्या लोकांनी आभासी मार्गदर्शकाबरोबर दहा मजली आभासी इमारतीत मजल्यामागून मजला चढत उपचार घेतले. त्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. मधला मोकळा चौक आणि भोवतीचे सज्जे, एवढी साधी वास्तू हे काम करून गेली.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी इमारत तपासता येते का?

येते, आणि न करण्याला कारण नाही. डोळ्यांची पातळी बसलेल्या माणसाची, म्हणजे साधारण १.१ ते १.२ मीटर करा. शक्य असेल तर खऱ्या व्हीलचेअरवर बसूनच फिरा. वळायला १,५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. ते फरशीवर रंगवून ठेवा, म्हणजे कुठे कापलं जातंय ते दिसतं. १:१२ उताराचा रॅम्प मॉडेलमध्ये सौम्य वाटेल, पण तो चढायला किती जोर लागतो हे हेडसेट सांगत नाही. रिसेप्शनचा काउंटर, लिफ्टची बटणं, आरशाची खालची कड आणि कठड्याचा आडवा दांडा ऐन नजरेत येणं, या चार गोष्टी बसल्यावर पहिल्या मिनिटात खटकतात. मात्र तपासणीला व्हीलचेअर रोज वापरणारी व्यक्ती बोलवावी. खुर्चीत पाच मिनिटं बसलेल्या डिझायनरचं मत हे तिच्या अनुभवाला पर्याय नाही.

उभ्या असलेल्या जुन्या इमारतीचं काय?

लेझर स्कॅन करा किंवा शेकडो फोटोंवरून मॉडेल बांधा. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी आधी केलेलं लेझर स्कॅन हाताशी होतं. त्यात एक अब्जाहून जास्त बिंदू होते. असा बिंदूंचा ढग हेडसेटला झेपत नाही, त्यावरून हलकं मॉडेल काढावं लागतं. फोटोंवरून करताना कोऱ्या पांढऱ्या भिंती, काच आणि आरसे दगा देतात, कारण तिथे जुळवायला खुणाच नसतात. २०२३ पासून गाजत असलेलं गॉशिअन स्प्लॅटिंग, म्हणजे फोटोंवरून असंख्य धूसर रंगीत ठिपक्यांनी जागा उभी करण्याचं तंत्र, दिसायला फार सुंदर आहे, पण त्यात टणक भिंत नसते. चालणाऱ्याला अडवायला भिंती वेगळ्या घालाव्या लागतात.

व्हीआरमध्ये काय कळत नाही?

डोळे दिपणं. चकाकी मोजायच्या एककात, म्हणजे चौरस मीटरला कँडेलात, उन्हातली पांढरी भिंत हजारोंच्या घरात चमकते, तर नेहमीच्या हेडसेटचा पडदा शे-दोनशेच्या आसपास थांबतो. म्हणून ‘दुपारी ऊन डोळ्यांवर येईल का?’ याचं उत्तर ऊन कुठे पडतं इथपर्यंतच घ्यावं, त्रास किती होईल ते घेऊ नये. उकाडा, वारा, वास आणि फरशी निसरडी आहे का, हेही नाही. गर्दीही नाही: चाळीस पुतळे उभे केले तरी चाळीस माणसांनी भरलेल्या लॉबीचा दाब येत नाही.

क्लायंटला दाखवताना काय सांभाळावं?

दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि तोंड बंद ठेवा. ‘इथे बघा, किती मोकळं वाटतं ना!’ म्हटलं की समोरचा हो म्हणणारच. त्याऐवजी एक काम द्या: गाडी लावून आलात, बैठकीच्या खोलीत जा. मग बघत राहा, तो कुठे थांबतो, कुठे मागे वळतो, कोणत्या दाराशी घुटमळतो. तो जे करतो ते लिहा, तो काय म्हणाला ते नंतर. बाकीच्यांना तेच दृश्य मोठ्या पडद्यावर दिसू द्या, नाहीतर खोलीतले पाच जण हेडसेट घातलेल्या माणसाची मजा बघत बसतात. चष्मा असलेल्यांसाठी जादा जागेचं कडं लावा, चेहऱ्याला लागणारा भाग प्रत्येकानंतर पुसा. लहान मुलांच्या वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते, ती वाचून घ्या.

डिझाइन बदलत राहतं. मॉडेल शिळं होऊ नये म्हणून काय करावं?

मूळ मॉडेलमध्येच बदल करा, व्हीआरच्या प्रतीत कधीही नाही. गेम इंजिनमध्ये ‘तेवढी एक भिंत’ हलवली की दोन खऱ्या इमारती तयार होतात आणि बांधणाऱ्याकडे जुनी जाते. छाटणी, उजेड, मटेरिअल हे टप्पे शक्य तेवढे आपोआप होतील असे लिहून ठेवा, म्हणजे नवं मॉडेल आलं की तासाभरात फिरता येतं. प्रवेशदाराजवळच्या एका भिंतीवर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख मोठ्या अक्षरांत चिकटवा. हेडसेटमधून काढलेल्या प्रत्येक स्क्रीनशॉटला खोलीचा क्रमांक द्या आणि बैठकीत ठरलेला बदल त्या क्रमांकासमोर लिहा. पुढच्या फेरीत पहिल्यांदा त्याच खोल्या उघडा.